भूर्जवृक्ष आणि त्याच्या सालीवरचे हिशेब

म्हैसूर शहरातील लष्कर मोहल्ला हे नाव मराठी वाचकाला उलगडून सांगावे लागत नाही. दोन्ही शब्द मराठी बोलण्यात रुळलेलेच आहेत. सेंट फिलोमिना चर्चचे उंच जोडमनोरे ही या वस्तीची दुरून दिसणारी खूण. येथून देवराज मार्केट फारसे दूर नाही. काष्ठौषधी आणि पूजासाहित्य विकणाऱ्या ज्या दुकानांना कानडीत ‘ग्रंधिगे अंगडी’ म्हणतात, तशी दुकाने या जुन्या म्हैसुरात अजूनही आहेत. गुग्गुळ, दर्भ, रक्तचंदन, नागकेशर यांच्या सोबतीला अशा दुकानातून कधी कधी तांबूस-पिवळट रंगाचा, कागदासारखा पातळ असा एक तुकडाही गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. यंत्र लिहिण्यासाठी किंवा ताइतात घालण्यासाठी तो घेतला जातो. त्याचे नाव भूर्जपत्र.

नावात ‘पत्र’ असले तरी हे पान नव्हे, झाडाची साल आहे. आणि ते झाड म्हैसूरपासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, हिमालयात बर्फाच्या रेषेखाली उगवते. दक्षिणेत ते कोठेही रानात आढळत नाही. तरीही म्हैसूर आणि भूर्ज यांचा एक जुना संबंध आहे, आणि तो ताइताच्या तुकड्याहून पुष्कळ मोठा आहे. १९०५ साली तंजावर भागातील एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला ग्रंथ लिपीतील ताडपत्रांची एक पोथी दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ जगाला पुन्हा उपलब्ध झाले. १९०९ मध्ये मूळ संहिता छापली गेली, १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर आले. या ग्रंथात राज्याच्या वनोपज कोठारात कोणकोणत्या वस्तू साठवाव्यात याची यादी आहे, आणि तीत ताडाच्या पानांच्या जोडीला भूर्जाचाही स्वतंत्र उल्लेख येतो. म्हणजे दक्षिणेच्या ताडपत्रावर उतरवलेल्या ग्रंथाने उत्तरेच्या भूर्जपत्राची नोंद जपून ठेवली होती. कर्जाच्या व्यवहाराला कागदपत्र किती लागत असेल याचा अंदाजही त्याच ग्रंथातून येतो. साधारण कर्जावर दरमहा शेकडा सव्वा, व्यापाऱ्याला शेकडा पाच, अरण्यातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रपार जाणाऱ्याला वीस, असे व्याजाचे दर तेथे दिले आहेत. जोखीम वाढली की दर वाढतो, हे सूत्र आजच्या बँक कर्मचाऱ्याला नवे वाटणार नाही.

कुळाचा परिचय

भूर्जाचे शास्त्रीय नाव बेट्युला युटिलिस. डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये ते दिले. ‘युटिलिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ उपयुक्त असा आहे, आणि तो यथार्थ आहे. ज्या कुळाचा हा वृक्ष आहे त्याला वनस्पतिशास्त्रात बेट्युलेसी, म्हणजेच भूर्ज कुल म्हणतात. या कुळात सहा प्रजाती असून त्यांत वृक्ष आणि झुडपे मिळून दीडशेच्या आसपास जाती येतात. बहुतेक सर्व उत्तर गोलार्धाच्या थंड आणि समशीतोष्ण प्रदेशातल्या आहेत. त्यांची फुले आकर्षक नसतात. फांदीवरून लोंबणाऱ्या शेपटीसारख्या मंजिऱ्या, ज्यांना शास्त्रीय परिभाषेत नतकणिश म्हणतात, त्यांतून पराग वाऱ्यावर उधळला जातो. भुंग्या-फुलपाखरांची वाट पाहण्याची या झाडांना गरज नसते. उत्तर युरोपात वसंत ऋतूत असंख्य लोकांना शिंका आणि डोळ्यांची खाज यांनी हैराण करणारा पराग प्रामुख्याने याच कुळाचा असतो.

या कुळातील एक-दोन नातलग ओळखीचे निघतील. चॉकलेटमध्ये घातले जाणारे हेझलनट हे कॉरिलस या प्रजातीचे फळ. जगातील त्याच्या उत्पादनाचा मोठा वाटा एकट्या तुर्कस्तानातून येतो. साखरविरहित च्युइंगगममधील झायलिटॉल प्रथम मोठ्या प्रमाणावर तयार झाले ते फिनलंडमध्ये, बर्चच्या लाकडापासून. दुसरा नातलग आल्डर. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात. नागालँडमधील खोनोमा गावच्या अंगामी शेतकऱ्यांनी हे प्रयोगशाळेविना ओळखले. ते शेतात आल्डर राखतात, त्याच्या फांद्या ठरावीक काळाने छाटतात आणि खोड मात्र जिवंत ठेवतात. त्यामुळे फिरत्या शेतीतही त्यांच्या जमिनीचा कस टिकून राहिला आहे. सिक्कीममध्ये मोठ्या वेलदोड्याचे मळे याच झाडाच्या सावलीत उभे असतात.

परंतु या कुळात लेखनाच्या इतिहासात ज्याने स्थान मिळवले तो भूर्जच. त्याच्या नावाचीही एक कथा आहे. संस्कृतातील ‘भूर्ज’, इंग्रजीतील ‘बर्च’, जर्मनमधील ‘बिर्क’, रशियनमधील ‘बेर्योझा’ हे सारे शब्द एकाच मूळ धातूपासून निघाले आहेत आणि त्या धातूचा अर्थ चकाकणे, शुभ्र असणे असा मानला जातो. इतक्या दूरदूरच्या भाषांत ज्याचे नाव एकाच मुळाचे राहिले, अशी झाडे फार थोडी आहेत.

साल कागद कशी होते

भूर्ज साधारणपणे तीन हजार मीटरच्या वर, हिमालयातील वृक्षांच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत वाढतो. त्यापुढे झुडपे, गवत आणि बर्फ. खालच्या अंगाला तो वीस मीटरपर्यंत उंच होतो. वर, वाऱ्याच्या आणि हिमाच्या माऱ्यात, तो वाकून जमिनीलगत पसरतो. त्याची बाहेरील साल अनेक पातळ पदरांची बनलेली असते आणि हे पदर आडवे, खोडाभोवती सुटत जातात. प्रत्येक पदरात पाण्याला अडवणारे मेणचट द्रव्य असते. बेट्युलिन नावाचा पांढरा पदार्थही तिच्यात असतो. कुळातील अनेक झाडांना चुन्याने रंगवल्यासारखे रूप येते ते त्याच्यामुळे. अशी साल सहजासहजी कुजत नाही. कीड आणि बुरशीही तिच्या वाटेला फारशा जात नाहीत. ओली असली तरी ती पेट घेते. सालीवर बारीक आडव्या रेघा दिसतात. ती झाडाची श्वासरंध्रे, शास्त्रीय भाषेत वल्करंध्रे होत. बाजारातला तुकडा खरा भूर्ज आहे की साधा कागद रंगवून दिला आहे, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे या रेघा, आणि नखाने हलकेच सोलता येणारे पदर.

अकराव्या शतकात भारतात आलेल्या अल्‌-बिरुनीने या सालीपासून लेखनसाहित्य कसे बनवतात ते लिहून ठेवले आहे. सालीचा सुमारे हातभर लांबीचा आणि वीतभर रुंदीचा तुकडा घेत, त्याला तेल लावून घासून गुळगुळीत आणि टणक करत, मग त्यावर लिहीत. पानांना क्रमांक घालत. सारी पाने फडक्यात गुंडाळून दोन फळ्यांमध्ये बांधून ठेवत. दक्षिणेत मात्र ताडपत्राला भोक पाडून दोरीत ओवतात, हेही त्याने नोंदवले आहे. भूर्जपत्र दोरीने ओवले तर भोकापासून फाटते. ताडपत्राला दोरी मानवते. एकाच देशात ग्रंथ बांधण्याच्या दोन रीती पडल्या त्या रुचीमुळे नव्हे, तर झाडांमुळे.

शाईही वेगळी. काश्मीरमध्ये बदामाच्या टरफलांचा कोळसा गोमूत्रात उकळून ती बनवीत. ही शाई पाण्याने धुतली तरी जात नाही. जुनी मळकट पोथी पाण्यात बुडवून स्वच्छ करता येते, असे एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी लिहिले आहे. कागदावरच्या दस्तऐवजाबाबत असे धाडस कोणी करू नये!

कालिदासाने भूर्जपत्राला प्रेमपत्राचे काम दिले. ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात उर्वशी आपले मनोगत त्यावर लिहिते, ते पत्र हरवते आणि नेमके राणीच्या हाती लागते. पण प्रेमपत्रांपेक्षा भूर्जाला अधिक काम मिळाले ते देण्याघेण्याच्या नोंदींचे.

एका अक्षराचा खटला

कल्हणाने बाराव्या शतकात ‘राजतरंगिणी’ हा काश्मीरचा इतिहास लिहिला. त्यात दहाव्या शतकातील यशस्कर राजाच्या न्यायाची एक कथा आहे. त्या काळच्या काश्मीरमध्ये कागद अजून रुळला नव्हता. लिहिण्याचे नेहमीचे पान म्हणजे भूर्जच.

एका गृहस्थाला कर्ज झाले. ते फेडण्यासाठी त्याने आपले घर एका व्यापाऱ्याला विकले. मात्र घराला लागून असलेली पायऱ्यांची विहीर त्याने विक्रीतून वगळली. उन्हाळ्यात फुले आणि पाने थंड ठेवण्यासाठी माळी ती भाड्याने घेत, आणि त्या भाड्यावर बायकोचा चरितार्थ चालावा अशी व्यवस्था करून तो परदेशी निघून गेला. वीस वर्षांनी थोडे धन गाठीला बांधून तो परतला, तेव्हा बायको दुसऱ्यांच्या घरी मोलाने राबत होती. व्यापाऱ्याने तिला विहिरीवरून हाकलून दिले होते. गृहस्थाने न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीशांनी विक्रीपत्र पाहिले. त्यात स्पष्ट लिहिले होते की घर विहिरीसह विकले आहे. निकाल त्याच्या विरुद्ध गेला. पुन्हा दाद मागितली, पुन्हा तोच निकाल. न्यायाधीश लाचखोर नव्हते. त्यांच्यापुढे जो दस्त होता, त्यानुसार त्यांनी निर्णय दिला होता.

शेवटी त्या माणसाने राजाच्या दाराशी धरणे धरले. राजाने न्यायाधीशांना आणि प्रतिष्ठित नागरिकांना बोलावले. त्यांत तो व्यापारीही होता. गप्पांच्या ओघात राजाने सर्वांचे दागिने पाहायला म्हणून घेतले आणि व्यापाऱ्याची अंगठी हातात ठेवली. मग काही निमित्ताने तो आत गेला. ती अंगठी खूण म्हणून देऊन त्याने एका सेवकाला व्यापाऱ्याच्या घरी पाठवले आणि विक्री ज्या वर्षी झाली त्या वर्षाची हिशेबाची वही मागवली. मुनिमाने अंगठी पाहिली आणि वही दिली.

वहीत राजाला एक नोंद सापडली. दस्त लिहिणाऱ्या कारकुनाला एक हजार दीनार दिल्याचा खर्च टाकला होता. त्या कामाचे मोल याच्या कितीतरी पटीने कमी असायला हवे होते. इतकी मोठी रक्कम कशासाठी, हा प्रश्न पडताच राजाला उलगडा झाला. मूळ मजकुरात घर विहीर‘रहित’ विकल्याचे लिहायचे होते. कारकुनाने ‘र’च्या जागी ‘स’ लिहिला आणि ते विहीर‘सहित’ झाले. अभयवचन मिळताच कारकुनाने सारे कबूल केले. राजाने व्यापाऱ्याचे घर आणि संपत्ती त्या गृहस्थाला दिली, आणि व्यापाऱ्याला देशाबाहेर घालवले.

या कथेत लक्ष वेधून घेते ती व्यापाऱ्याची वही. त्याने दस्तात फेरफार करविला, पण त्यासाठी दिलेली लाच मात्र खर्चात प्रामाणिकपणे लिहिली. वहीत खोटे लिहायचे नाही ही व्यापाऱ्याची सवय लबाडीपेक्षाही पक्की निघाली. दस्त खोटा होता, हिशेब खरा होता, आणि एकाने दुसऱ्याला उघडे पाडले. आजच्या लेखापरीक्षणातही एका कागदाची दुसऱ्या स्वतंत्र नोंदीशी पडताळणी करतात, ती याच कारणासाठी.

तीस दिवसांचे गणित

हिशेब शिकवणारी पुस्तकेही भूर्जावर लिहिली जात. १८८१ मध्ये आजच्या पाकिस्तानातील मर्दानजवळच्या बख्शाली गावी जमीन खणताना भूर्जपत्रांची एक जीर्ण पोथी सापडली. पुष्कळसा भाग नष्ट झाला होता. सुमारे सत्तर पाने उरली. रुडॉल्फ हर्नले यांनी तिचा पहिला अभ्यास केला. १९०२ पासून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे आणि तिची ठिसूळ पाने अभ्रकाच्या पापुद्र्यांमध्ये जपली आहेत. तीत शून्यासाठी ठिपका वापरला आहे, आणि उणे संख्या दाखवण्यासाठी आज अधिकाचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह! तिच्या काळाविषयी अभ्यासकांत बराच वाद झाला. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कार्बन चाचणीत तीन पानांचे तीन वेगवेगळे काळ निघाले आणि सर्वांत जुने पान तिसऱ्या-चौथ्या शतकातले ठरले. परंतु सारी पोथी एकाच घडणीची दिसते, असा आक्षेप तज्ज्ञांनी लगेच घेतला. पुढे झालेल्या फेरतपासणीनंतर तिचा काळ बराच अलीकडे, साधारण नववे ते अकरावे शतक असा सांगितला जातो.

या पोथीतील गणिते नफा, तोटा, वेतन, जमा आणि खर्च यांचीच आहेत. त्यांपैकी एक असे. राजाच्या पदरी दोन सेवक आहेत. पहिल्याला रोज सव्वादोन दीनारांहून थोडे कमी, नेमके सांगायचे तर तेरा षष्ठांश दीनार मिळतात, दुसऱ्याला दीड. पहिल्याने दुसऱ्याचे दहा दीनार देणे आहे. ते देणे फेडल्यावर दोघांची रक्कम किती दिवसांनी समान होईल? वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावे. तीस दिवसांत पहिल्याचे पासष्ट होतात, दहा दिल्यावर पंचावन्न उरतात. दुसऱ्याचे पंचेचाळीस होतात, त्यात दहा आल्यावर तेही पंचावन्न.

भूर्जकुळाच्या सालीवर देणेकऱ्यांच्या याद्या लिहिण्याची रीत केवळ भारताची नव्हती. रशियातील नोवगोरोद शहरात २६ जुलै १९५१ रोजी चिखलाच्या थरांतून बर्चच्या सालीवरचे पहिले मध्ययुगीन पत्र निघाले आणि त्यानंतर तेथे अशी हजाराहून अधिक पत्रे सापडली आहेत. तेथे शाई नव्हती. टोकदार लेखणीने सालीवर अक्षरे कोरत. त्यांत कोणी कोणाचे किती देणे आहे याच्या याद्या पुष्कळ आहेत. ओन्फिम नावाच्या एका लहान मुलाने गिरवलेली मुळाक्षरे आणि काढलेली चित्रेही आहेत.

पुण्याची पोथी

महाराष्ट्रात भूर्जपत्राचे मोलाचे धन पुण्यात आहे. १८७५ मध्ये गेओर्ग ब्यूलर यांनी मुंबई सरकारच्या वतीने काश्मीरचा प्रवास करून शेकडो हस्तलिखिते मिळवली. त्यांत भूर्जावरील ऋग्वेदाची शारदा लिपीतील पोथी होती. हा सरकारी संग्रह आधी डेक्कन कॉलेजात होता. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाल्यावर १९१८ मध्ये तो या संस्थेकडे सोपवण्यात आला. २००७ मध्ये संस्थेतील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांचा समावेश युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत केला. त्या तिसांत भूर्जाची पोथी एकच, बाकीची कागदावरची.

कागद का जिंकला याचे उत्तर अवघड नाही. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीन याच्या काळात कागदाची कला काश्मीरमध्ये रुजली असे परंपरा सांगते, आणि मोगल अमलानंतर भूर्ज सिद्ध करण्याची विद्याच मागे पडली. कागद स्वस्त होता, हव्या त्या मापाचा मिळत होता, आणि त्यासाठी दहा-बारा हजार फुटांवर चढावे लागत नव्हते. भूर्जाकडे उरले ते यंत्र आणि ताईत.

आणि झाड?

लेखनासाठी साल सोलणे थांबले, तरी झाडाचे कष्ट संपले नाहीत. उंच हिमालयात सरपणाला दुसरे झाडच नाही. घराचे छप्पर, पुलाच्या फळ्या, लोणी बांधायचे वेष्टन, सारे भूर्जाचेच. त्यात यात्रेकरू आणि गिर्यारोहकांच्या चुली आल्या. बाहेरचे सुटे पदर काढले तर झाडाला फारसे काही होत नाही; पण घाईने सुरी खोल गेली आणि अन्नरस वाहून नेणारी आतली साल खोडाभोवती कापली गेली, तर उभे झाड वाळते. बी अगदी बारीक आणि पंख असलेले. ते दूरवर जाते, पण रुजलेले रोप चरणाऱ्या जनावरांच्या तोंडातून वाचायला हवे.

गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना सुमारे ३,८०० मीटरवर भोजबासा हा मुक्काम लागतो. नावच सांगते की हे भूर्जांचे वसतिस्थान. पण ते रान तोडले गेले आणि नाव तेवढे राहिले. गिर्यारोहक आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका हर्षवंती बिष्ट यांनी १९८९ मध्ये गंगोत्री वाचवण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि या परिसरात भूर्जाची रोपवाटिका व लागवड उभी केली. १९८१ मध्ये नंदादेवी शिखर सर करणाऱ्या भारतीय महिलांपैकी त्या एक. २०२१ मध्ये भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. गोमुखाकडे जाणाऱ्यांची संख्याही २००८ पासून दिवसाला १५० पर्यंत मर्यादित करण्यात आली.

अलीकडे भूर्जपत्राला पुन्हा मागणी आली आहे. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, नीती-माणा खोऱ्यांतील महिला भूर्जपत्रावर सुलेखन आणि चित्रे करून ती यात्रेकरूंना विकतात. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये त्यांचा उल्लेख झाला आणि या वस्तूंची ख्याती देशभर पोहोचली. ज्या गावांत हिवाळ्यात राहणेही शक्य नसते, तेथे बचत गटाच्या बाईच्या हाती पैसा येतो ही गोष्ट लहान नाही. मात्र हा व्यवसाय आपोआप गळून पडलेल्या सालीवर चालतो तोवरच झाडाला परवडतो. झाड वर्षाला किती साल टाकते हे ठरलेले आहे, मागणी मात्र ठरलेली नाही. गिऱ्हाइकाने विकत घेताना साल कोठली, पडलेली की सोललेली, एवढे विचारले तर विकणाऱ्या बाईला त्याचे उत्तर सहसा ठाऊक असते. म्हैसूरच्या दुकानदाराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण त्याच्यापर्यंत येताना तो तुकडा अनेक हातांतून गेलेला असतो.